अष्टकडीचे डोळे

आमच्या रोह्याच्या वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात ‘अष्टकडी’ या जुन्या चित्रकथेचे शहाण्णव अंक ठेवले आहेत. पहिल्या गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यावर आतून एक कागद चिकटवला आहे, ‘नव्या वाचकांसाठी’. तो मी लिहिला. त्या एका कागदाला मला नऊ दिवस लागले, आणि जे सांगायचं होतं त्यातलं बरंच राहून गेलं. राहिलेलं कमळाकरबद्दल होतं. ग्रंथपाल वैशालीताई म्हणाल्या, मग ते वार्षिक अंकात लिहा. मला लिहायची सवय नाही. पण नाही म्हणायचीही नाही.

कमळाकर पेणचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी रोह्याच्या शाळेत प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो आणि इथलाच झालो. तो पेणलाच गणपतीच्या कारखान्यात राहिला. साचा, घासकाम, रंग यात तो फार दिवस टिकला नाही. त्याच्याकडे आलं ते शेवटचं काम, मूर्तीचे डोळे काढण्याचं. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. सगळ्या मूर्ती रंगून रांगेत बसतात, आणि मग एक माणूस बारीक ब्रश घेऊन एकेकीसमोर बसत जातो. त्या कामाचा एक नियम आहे. डोळा एकदाच काढायचा. चुकला तरी वरून हात मारायचा नाही. दोनदा हात लागलेला डोळा रागावलेला दिसतो म्हणतात.

कमळाकरला एका जागी बसलेला कुणी पाहिलेला नाही. तो उभ्याने चहा पितो. बोलताना दारापर्यंत जाऊन परत येतो. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, “यांना जेवायला वाढायचं म्हणजे ताट घेऊन मागं फिरायचं.” फक्त डोळा काढताना तो थांबायचा. श्वाससुद्धा धरून ठेवायचा. डोळा झाला की उठून कारखान्याला एक फेरी, मग पुढची मूर्ती. असं पंचेचाळीस वर्षं चाललं. तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला आणि ब्रश सुटला. फेऱ्या तेवढ्या राहिल्या.

‘अष्टकडी’ हा त्याचा तरुणपणापासूनचा नाद. महिन्याला एक अंक यायचा, पेणच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर. आठ वीर, आठही मुखवटे घातलेले, ओसाड दीपगृहात एकत्र राहतात आणि संकट आलं की निघतात. आठ वर्षं ते चाललं, मग बंद पडलं. कमळाकरने एकही अंक चुकवला नाही, एकही कुणाला दिला नाही. दोन पत्र्याच्या ट्रंका भरून होत्या.

या वर्षी त्याची पेणची खोली सुटायची वेळ आली. चाळ पाडणार होते; मार्चअखेर सगळ्यांनी निघायचं. मुलगी प्रणिता रोह्यात असते. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही उद्या या. पण त्या ट्रंका नकोत. दोन खोल्यांत ठेवू कुठं, माझ्या डोक्यावर?” तिचंही खरं होतं. तिने रद्दीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

कमळाकरचा फोन आला. “मास्तर,” तो म्हणाला. मी मास्तर कधीच नव्हतो, तो थट्टेने म्हणतो. “तू त्या वाचनालयाचा जुना मेंबर ना? विचार की. तिथं ठेवली तर मी रोज येऊन बघंन तरी. पोरं वाचतील.”

मी विचारलं. वैशालीताई लगेच हो म्हणाल्या, पण निर्णय समितीचा, आणि समितीचे अध्यक्ष हैबतराव. हैबतरावांची कोलाडच्या वाटेवर भातशेती आहे. माणूस स्वच्छतेचा एवढा की वाचनालयात येताना स्वतःच्या चपलासुद्धा दारात एका रेषेत लावतो. त्यांनी दोन अटी घातल्या. अंकांवर कुणी काही लिहिलेलं, रेघोट्या मारलेलं नको. आणि ज्याने हे कधी पाहिलंच नाही त्याला कुठून सुरुवात करायची ते सांगणारा एक कागद सोबत हवा. “नायतर नुसता ढीग,” ते म्हणाले. “कपाट अडवून बसणार.” बैठक पुढच्या रविवारी होती.

कागद लिहायचा तर वाचायला हवं. नोकरीमुळे मी सुरुवातीचे काही अंकच पाहिले होते. मेमू लोकलने पेणला जाऊन मी त्या ट्रंका रिक्षाने, गाडीने, परत रिक्षाने घरी आणल्या आणि वाचायला बसलो.

पहिले सहा अंक वाचताना माझा धीर सुटत चालला. वीर आठ, त्यामुळे नावं लक्षात राहत नाहीत. खलनायक पान-पान भाषण करतो. आतली पानं लाल आणि निळ्या अशा दोनच रंगांत, आणि लाल रंग ओठांच्या बाहेर गेलेला. हे मी कुणाला वाचा म्हणून सांगू? पण सातव्या अंकात दीपगृहातला रॉकेलचा साठा संपतो आणि आठही जण स्वयंपाक कुणी करायचा यावरून भांडतात. तिथून मला ते दिसायला लागले. काताळ, जो हाताने कडा फोडतो, त्याला भाकरी थापता येत नाही याची लाज वाटते. वावटळ सगळ्यांच्या आधी पोचतो, म्हणून मार पहिला त्यालाच बसतो. निरंजना अंधारात उजेड पाडते, पण लेखकाने तिला पन्नासाव्या अंकापर्यंत धड बोलूच दिलेलं नाही. हा त्या मालिकेचा मोठा दोष आहे आणि तो मी कागदात लिहिला. आठ जण एकमेकांना कंटाळलेले असतात आणि तरी पंगतीला एकत्र बसतात. ऐंशीव्या अंकानंतर चित्रकार बदलला असावा. शेवटचे अंक घाईचे आहेत.

अठराव्या अंकाशी मी अडखळलो. तोवर मुखवट्यांत डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी होत्या. अठराव्यापासून त्यांत डोळे आले. बुबुळं, पापणीची रेघ, कोपऱ्यात पाण्याचा ठिपका. मला वाटलं छपाई सुधारली. मग एका पानावर बोट फिरवलं, तर काळा रंग किंचित उंच लागला.

मी भिंग आणलं. शहाण्णवपैकी एकोणऐंशी अंकांत, प्रत्येक पानावर, प्रत्येक मुखवट्यात कमळाकरने डोळे काढले होते. बाकी कुठे एक रेघ नाही. पण हैबतरावांची अट मला आठवली आणि मी भिंग खाली ठेवलं.

एवढ्यावर थांबलं नाही. एक्केचाळीस ते सेहेचाळीस हा या मालिकेचा सगळ्यात चांगला भाग आहे. आठांतला एक फितूर असतो. पाच अंक कळत नाही कोण, सहाव्यात कळतं. मी मात्र एक्केचाळीसाव्यातच ओळखला, कारण एका वीराचे डोळे प्रत्येक चित्रात चोरटे होते, तिरपे, खाली झुकलेले. सेहेचाळीसाव्यात फितूर निघाला तो भलताच. तो कोण, आणि चोरट्या डोळ्यांचा कोण, हे मी इथेही लिहिणार नाही. वाचायचं असेल त्याचा विचका नको.

म्हणजे लेखकाने मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या डोळ्यांत कमळाकरने स्वतःचा संशय भरून ठेवला होता. आणि तो संशय चुकला होता.

मी दुसऱ्या दिवशी पेणला गेलो. खोलीत बांधाबांध चालू होती. कमळाकर उभाच होता.

“तू अंकांवर रंग लावलास,” मी म्हटलं.

“रंग नाय, डोळे.”

“तेच ते. हैबतराव घेणार नाहीत.”

“अरे, डोळ्याशिवाय चेहरा पुढं जाऊ द्यायचा कसा?” तो दारापर्यंत जाऊन आला. “मालकानं आखणीला बसवलं तेव्हा हात बसत नव्हता. मूर्तीवर चुकलं तर मूर्ती गेली. मग ह्यांच्यावर काढले. रोज रातपाळीसारखे. पुढं हात बसला, पण सुटलं नाय. ते माझ्याकडं आंधळ्यासारखं बघायचे रे.”

“आणि एक्केचाळीसावा?”

 तो पुन्हा दारापर्यंत गेला, पण परत यायला वेळ लावला. “तेव्हा मला वाटलेलं तोच फितूर. दर महिन्याला अंक यायचा नि मी त्याला आणखी चोर करायचो. सेहेचाळीसावा वाचला नि दोन दिवस जेवलो नाय. ते बिचारं पोर सगळ्यांसाठी मरायला निघालेलं, आणि मी त्याला असा बघायला लावला.”

“मग दुरुस्त का नाही केलंस? तेव्हा तुझा हात चांगला होता.”

“आखणी एकदाच, माहीत नाय तुला?” तो म्हणाला. मग खिशातून पांढऱ्या रंगाची एक बारकी ट्यूब काढली. “पण आता लोक वाचणार. माझ्यापुरतं होतं तोवर ठीक. आता पांढरं करतो तेवढे पाच अंक. आण परत.”

ट्यूब त्याच्या हातात थरथरत होती. त्यानेही ती थरथर पाहिली, मीही पाहिली.

“आणतो,” मी म्हटलं, आणि आणले नाहीत.

त्यानंतर दिवसाला चार फोन. “कागद झाला?” “डोळ्यांचं लिहिलंस का रे?” “नको लिहू.” संध्याकाळी पुन्हा, “लिहच. पकडलं तर आणखी वाईट.” प्रणिताने एकदा फोन हिसकावून घेतला. “काका, काय ते एकदा ठरवा बाई! बाबा इथं येऊन राहिलेत, घरभर फिरतायत. खालच्या बाई विचारतात, वर पीठ दळता का?”

मला ठरवता येत नव्हतं. डोळ्यांचं लिहिलं तर ट्रंका रद्दीत. नाही लिहिलं तर नव्या वाचकाला मी फसवणार. तो कमळाकरचा संशय लेखकाचा समजून वाचणार. आणि कुणाचे डोळे चुकलेत ते सांगितलं तर सहा अंकांतली गंमतच संपणार. मी लिहायचो, फाडायचो. शनिवारी दुपारी शेवटी हे लिहिलं: ‘सातव्या अंकापासून सुरू करा. आधीचे सहा नंतर वाचले तरी चालतील. आरंभी तीनच नावं लक्षात ठेवा, बाकीची आपोआप कळतील. अठराव्या अंकापासून मुखवट्यांत दिसणारे डोळे छापलेले नाहीत. ते पेणच्या एका आखणी कारागिराने हाताने काढले आहेत. ते सुंदर आहेत, पण सगळेच खरे बोलत नाहीत. एक्केचाळीस ते सेहेचाळीस वाचताना त्यांच्यावर विसंबू नका.’

रविवारी कमळाकर वाचनालयाच्या ओट्यावर फेऱ्या मारत होता. आत हैबतरावांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“म्हणजे खराब केलेत. तुम्हीच लिहून दिलंय.”

“हो,” मी म्हटलं. 

“आपण वाचनालय चालवतो का रद्दीचं दुकान?”

“बघून तरी घ्या,” वैशालीताई म्हणाल्या आणि एक्केचाळीसावा त्यांच्यासमोर सरकवला.

हैबतराव खराब केलेलं पान शोधायला बसले. रंग कुठे फासलाय ते दाखवतो, म्हणाले. दहा मिनिटं गेली. त्यांनी बेचाळीसावा मागितला. मग त्रेचाळीसावा. खिडकीबाहेर कमळाकर थांबला होता. हात खिशात, श्वास धरलेला.

“हाच तो!” हैबतराव एकदम टेबलावर हात मारून म्हणाले आणि एका वीरावर बोट ठेवलं. “बघा, बघा डोळे. चोर साला.”

“कागदात लिहिलंय ना, डोळ्यांवर जाऊ नका,” मी म्हटलं.

“अहो, लिहिलंय ते लिहिलंय. मला माणूस कळत नाय होय? चव्वेचाळीस द्या.”

 बाहेर कमळाकरने खिडकीची दांडी घट्ट धरली होती.

मी गठ्ठा चाळला. चव्वेचाळीसावा नव्हता. शेवटची खात्री करायला म्हणून मी तो सकाळी काढला होता आणि तो घरी चहाच्या कपाजवळ राहिला होता. मी तसं सांगितलं. हैबतरावांनी दाराकडे बोट दाखवलं.

“मग उभे काय? जा की!”

भर उन्हात मी घरी जाऊन आलो. मी परत आलो तेव्हा बाकी समिती उठून गेली होती, आणि दाखलनोंदीच्या वहीत वैशालीताई शहाण्णवांपैकी एकविसावा अंक चढवत होत्या. हैबतरावांनी माझ्या हातातून अंक घेतला, धन्यवादही म्हणाले नाहीत.

सेहेचाळीसावा त्यांनी घरी नेला. दुसऱ्या दिवशी परत केला, आणि आठवडाभर ते माझ्याशी आणि कमळाकरशी बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात कमळाकर पांढरी ट्यूब घेऊन वैशालीताईंकडे गेला होता. पाचच अंक, तासाभराचं काम, म्हणाला. त्यांनी शिक्का मारलेलं पान उघडून दाखवलं. “काका, आता ही पुस्तकं वाचनालयाची. तुम्ही हात लावलात तर मलाच हैबतरावांना सांगावं लागेल.”  त्याने ट्यूब त्यांच्या खणात ठेवली आणि तो निघून गेला. घरी जाताना तो सावकाश चालत होता, असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही.

आता तो रोज चार वाजता येतो. तुम्ही ‘अष्टकडी’ वाचायला आलात तर खिडकीजवळ एक उंच म्हातारा फेऱ्या मारताना दिसेल. तुम्ही एक्केचाळीसावा उघडलात की तो तुमच्या खांद्यामागे येऊन थांबेल. त्याला काही विचारू नका, आणि तो काही सांगणार नाही. सेहेचाळीसावा मिटलात की मात्र मान वळवून त्याच्याकडे बघा. तो तेवढ्याचीच वाट बघत असतो.