बंधाऱ्यावरचे नाव

तो सोमवार मी विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. त्या दिवशी सकाळी साडेनऊला ठाण्यात एक फिर्याद आली आणि त्या फिर्यादीपायी पुढे माझी बदली झाली. बदलीचे दुःख मला तेव्हाही नव्हते. उलट इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्या थोड्या कागदांवर मी आनंदाने सही केली, त्यातला एक कागद त्या प्रकरणातला आहे. नावे कुणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, ज्यांना चिडायचे ते चिडतील.

फिर्यादी तालुक्यातला एक पुढारी होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल, मागे आठ-दहा माणसे. ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडे न बघता तो सरळ माझ्या खोलीत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"साहेब, मास्तरांचा अपमान झालाय. बंधाऱ्यावरचा त्यांच्या नावाचा फलक चोरीला गेलाय. परवा बुधवारी नामदारसाहेब अनावरणाला येणार हायत. संध्याकाळच्या आत माणसं आत पायजेत. न्हायतर गगनबावड्याचा रस्ता बंद करतो."

मास्तर म्हणजे त्या भागाचे माजी आमदार. मूळचे प्राथमिक शिक्षक. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले, आणि पडल्यावरही पहिल्यासारखेच एसटीने फिरत राहिले. मी नवा फौजदार असताना त्यांच्या पुतण्याला दारू पिऊन गाडी ठोकली म्हणून ठाण्यात आणले होते. थोड्याच वेळात आमदारांचा फोन आला. मी तर मनातल्या मनात पुतण्याला सोडून मोकळा झालो होतो. पलीकडून आवाज आला, "फौजदार, त्याला सोडू नका आणि मारूबी नका. कायद्यात बसतंय तेवढं करा." फोन बंद. पुढे मी कितीतरी आमदारांचे फोन घेतले, पण तसला फोन पुन्हा आला नाही.

त्या गावचा बंधारा मास्तरांनीच भांडून मंजूर करून आणलेला. काम पुरे झाल्यावर गावाने हौसेने त्यांच्या नावाची कोनशिला कोरून आणली. मास्तरांनी ती नदीवर नेऊन पालथी घातली आणि बायकांना धुणे धुवायला दिली. उद्घाटनाचा नारळ त्यांनी बांधकामावर दगड वाहणाऱ्या एका म्हातारीच्या हाताने फोडला. "पाणी नदीचं, पैसा सरकारचा, कष्ट तुमचं. ह्यात माझं नाव कुठं बसवताय?" असे ते भर सभेत म्हणाले होते. ती शिला आजही घाटावर पालथी आहे.

मास्तर त्या वर्षीच्या श्रावणात वारले. ज्या नामदारांनी त्यांना पाडण्यासाठी सगळी ताकद लावली होती, त्यांनाच आता बंधाऱ्याला मास्तरांचे नाव द्यायचे होते. निवडणूक जवळ आली की अशी भक्ती उफाळून येते. पुढाऱ्याने मला मोबाइलवर फलकाचा फोटो दाखवला. मास्तरांचा फोटो पासपोर्टएवढा आणि नामदारांचा दारभर होता. मला हसू आले, ते मी दाबले आणि फिर्याद घेतली. फलक शनिवारी बसवला, सोमवारी सकाळी जागेवर नव्हता, एवढेच त्यात होते.

अकराच्या सुमारास ठाण्यात निनावी फोन आला. "पैलवानानं काढलाय. मास्तरांच्या विरोधी गटाचा हाय. त्यालाच उचला."

इथे अनुभवाची एक गोष्ट सांगतो. खरा खबऱ्या आधी काय पाहिले ते सांगतो आणि नावावर शेवटी येतो, तेही अडखळत. ज्याला कुणाला तरी अडकवायचे असते तो नावापासूनच सुरुवात करतो. त्यामुळे त्या फोनवर माझा विश्वास बसला नाही. तरीही पैलवानाला बोलावले, कारण न बोलावता तो पुढाऱ्याच्या माणसांच्या हाती लागला असता तर जास्त वाईट झाले असते.

पैलवान चाळिशीचा होता. कान कुस्तीने चिरडलेले, हाताला दुधाचा वास. सकाळचे दूध संस्थेत घालून तसाच आला होता. मास्तरांच्या विरोधात त्याने प्रत्येक निवडणुकीत काम केलेले, हे सगळ्या तालुक्याला माहीत होते.

"फलक तू काढलास?"

"न्हाय."

"कुणी काढला ते माहीत आहे?"

"हाय की."

इतके सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हते. "मग सांग."

"सांगणार न्हाय."

मी आवाज चढवला. त्याने मान खाली घातली नाही. "साहेब, हाणा, आत टाका, काय करायचं ते करा. मास्तरांच्या इरोधात मी जलमभर बूथवर बसलो. आजबी बसंन. पण ह्यातलं नाव माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय."

गुन्हेगार गप्प बसतो तो स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी गप्प बसणाऱ्या माणसाचा चेहरा निराळा असतो. हा माणूस मास्तरांचा विरोधक, आणि तरी तो कुणाला तरी राखत होता. त्याला मी ठाण्यातच बाकावर बसवले.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. "पैलवानाची अटक दाखवा. विषय संपवून टाका."

"साहेब, पुरावा नाही."

"पुरावा होतो हो. बुधवारच्या आत होऊ दे."

पैलवानाला खोटा आत टाकला असता तर बुधवारी त्या गावात दोन्ही गटांची डोकी फुटली असती. आणि ज्या माणसाने सख्ख्या पुतण्यासाठी शब्द टाकला नाही, त्याच्या नावावर एक खोटी केस कायमची चिकटली असती. हे मी होऊ देणार नव्हतो. फोन ठेवला आणि बीट हवालदाराला घेऊन बंधाऱ्यावर गेलो.

रागाने फोडलेल्या फलकाचे काही ना काही मागे राहते. वाकलेला पत्रा राहतो, काचा राहतात, एखादी तुटकी चप्पल राहते. इथे काही म्हणता काही नव्हते. फक्त कठड्यावर कागदाची एक पुडी होती आणि तिच्यात आठ नट-बोल्ट, वायसरसकट, नीट गुंडाळलेले. अपमान करणारा माणूस वायसर जपून ठेवत नाही. मी पुडी हातात घेऊन उभा राहिलो. हवालदार मात्र वाकून पाण्याकडे बघत होता.

"काय हवालदार?"

"काय न्हाय साहेब. बरगं घातल्यात."

मी शहरातला, कारकुनांच्या घरातला. मला हे समजावून घ्यावे लागले. आमच्याकडच्या बंधाऱ्याच्या खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळ्यात त्या मोकळ्या ठेवतात. पाऊस सरला की सगळे गाव मिळून त्या खाचांत एकावर एक फळ्या सरकवते, मधल्या जागेत माती चेपते आणि पाणी अडवते. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. दोन खांबांमधला एक जरी गाळा उघडा राहिला तरी सगळे पाणी खाली निघून जाते.

"फलकाचे पाय कुठं होते?"

हवालदाराने मधल्या गाळ्याच्या दोन खांबांकडे बोट केले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फलक बसवणारा कोल्हापुरातून आला होता. त्याला खांबांत आयत्या खाचा दिसल्या. भोके पाडायचा त्रास वाचला म्हणून त्याने लोखंडी पाय त्या खाचांतच उतरवले आणि बोल्ट आवळले. म्हणजे ते पाय निघाल्याशिवाय त्या गाळ्यात बरगा बसणारच नव्हता. पुढाऱ्याची शेती वाट्याने दिलेली, त्याने आयुष्यात बरगा धरलेला नव्हता. सकाळी तो त्याच जागी उभा राहून चोर चोर म्हणून ओरडला आणि पायाखाली बरगे बसलेत हे त्याला दिसलेही नाही. खरे तर मलाही दिसले नव्हते.

"बरगे कधी घातले?"

"काल. ऐतवारी. आख्खं गाव हुतं."

"म्हणजे आख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्हालाही?"

हवालदाराने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "माझंबी तीस गुंठं हाय साहेब ह्या पाण्यावर."

मी त्याच्यावर चिडलो, पण फार नाही. सगळे गाव आणि वर विरोधी गटाचा पैलवान, एवढ्या सगळ्यांनी ज्याच्यासाठी तोंड शिवून घ्यावे असे त्या गावात एकच घर होते. आम्ही मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तरांच्या पत्नीला सगळे काकी म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या, हडकुळ्या. गोठ्याच्या दारात विळ्याने वैरण बारीक करत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "या पावणं. लई उशीर केलासा," म्हणाल्या.

फलक शोधावा लागला नाही. तो गोठ्यावर घातलेला होता. छापील बाजू आत, पाठ आभाळाकडे, खाली दोन म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

"त्यास्नी म्हसरं आवडायची," काकी म्हणाल्या. "आता रोज बघत बसतील."

"आणि नामदारांचाही फोटो आहे त्याच्यावर."

"त्यास्नीबी जरा सवय व्हऊ दे की."

हवालदार तोंड फिरवून खोकला. मी जबाब घ्यायला कागद काढला. त्यांनी पदर खोचला आणि जमिनीवरच समोर सरकून बसल्या.

"लिवा. फलक मीच काढला. एकटीनं काढला. आमच्या टॅक्टरचा पाना घेतला आन् बोल्ट सोडलं. गावच्या लोकास्नी म्हटलं, कुणी हात लावायचा न्हाय. केस झाली तर माझ्यावर व्हऊ दे."

"आणि इथवर आणला कुणी?"

"मीच. एकटीनं."

आठ फुटी फलक, लोखंडी चौकटीचा. मी काकींकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. जबाब देणाऱ्याचा असतो, पोलिसाचा नसतो. मी लिहिले, 'एकटीने आणला.'

"काकी, फिर्याद चोरीची आहे."

"चोरी कशी? नाव माझ्या घरातलं हाय. घरचं माणूस भायेर अडकून पडलं हुतं, ते घरी आणलं." मग त्यांनी गोठ्यावरच्या फलकाकडे पाहिले. "जलमभर त्यांनी कुणाची वाट अडवली न्हाय, साहेब. मेल्यावर त्यांच्याच नावानं पाणी अडवायला निघालीत ही. न्हाय, पाणी सोडायला निघालीत. मी कशी बघत बसू?"

डोळे पुसून त्या उठल्या, पायात चपला घातल्या. "चला. बसू का गाडीत?"

"अटक करायला आलो नाही."

"मग त्या पैलवानाला कशाला बसवून ठेवलाय? त्यानं काय केलंय?"

मला शरम वाटली. मी तिथूनच ठाण्यात फोन लावला आणि पैलवानाला चहा पाजून घरी सोडायला सांगितले. पंच बोलावले, पंचनामा केला. त्यात फलकाचे पाय बरग्यांच्या खाचांत बसवले होते, ही गोष्ट मापासकट नोंदवली. दुसऱ्या दिवशी पाटबंधारे खात्याला पत्र देऊन विचारले की फलकाला परवानगी होती का. संध्याकाळी लेखी उत्तर आले: नव्हती.

बुधवारी नामदार आलेच. गाड्यांचा ताफा थेट बंधाऱ्यावर. मी बंदोबस्ताला होतो. पुढाऱ्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितले आणि नामदार गोड आवाजात काकींना म्हणाले, "वहिनी, झालं गेलं सोडून द्या. दोन ओळींची माफी लिहून द्या, फलक आपण आता सगळे मिळून लावू."

काकी बंधाऱ्याच्या मधोमध उभ्या होत्या. "लावा की," त्या म्हणाल्या. "मधल्या गाळ्यातलं बरगं काढा आन् लावा. तुमच्या हातानं पहिला बरगा काढा. मग माफीबी लिवून देते आन् हारबी घालते."

दोन्ही काठांवर गाव उभे होते, मास्तरांचे आणि विरोधकांचे एकत्र. पैलवान सगळ्यांच्या पुढे होता. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ चढत होते, सगळ्यांच्या उसाचे. नामदारांनी पाण्याकडे पाहिले, माणसांकडे पाहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पंचनाम्याची प्रत आणि पाटबंधारे खात्याचे उत्तर त्यांच्यापुढे धरले. वाचायला त्यांना फार वेळ लागला नाही. ताफा वळला. पुढाऱ्याची गाडी वळताना चिखलात रुतली, तेव्हा ती गावकऱ्यांनीच ढकलून दिली.

फिर्याद निकालात निघाली आणि पंधरवड्यात माझी बदली कंट्रोल रूमला झाली. तिथे वायरलेसपुढे बसून मी बरेच दिवस काढले. निरोप द्यायला आलेल्या एका मित्राने विचारले, "काय मिळवलंस?" तेव्हा नीट उत्तर सुचले नव्हते. आता सुचते. मी तीस वर्षे माणसांची वागणूक तपासली, पण एखाद्याचा खरा वारसा कोणता हे कुठल्या कलमात लिहिलेले नसते. मास्तरांचा वारसा फोटोत नव्हता. ज्या माणसाने त्यांना जन्मभर मत दिले नाही तो त्यांच्या बायकोसाठी मार खायला तयार झाला, हा त्यांचा वारसा. जे मोठ्या अक्षरात नाव लिहितात त्यांना हे कळणार नाही. न कळू दे, मला त्यांना पटवून द्यायचे नाही.

निवृत्त झाल्यावर पाऊस सरल्यावर एका रविवारी मी मुद्दाम त्या गावाला गेलो. बरगे घालायचे काम चालले होते. काकी आता काठी टेकत होत्या, पण हुकूम त्यांचाच. मी शर्ट-पँटीत, हात मागे बांधून काठावर उभा राहिलो, जुन्या सवयीप्रमाणे.

"कोण ते? फौजदार व्हय?" त्यांनी डोळे बारीक करून ओळखले. "हात मोकळं हायत न्हवं? मग उभं काय ऱ्हायलासा?"

पैलवानाने फळीचे एक टोक उचलले. मी चपला काढल्या, पाण्यात उतरलो आणि दुसरे टोक धरले.