आठ वर्षांचे नवे टायर

चौतीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. आरोपीचा चेहरा आठवतो तर गाव आठवत नाही, गाव आठवलं तर कलम आठवत नाही. एक घटना मात्र आजही जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि तिची नोंद माझ्या कुठल्याही स्टेशन डायरीत नाही. तो तपास मी निवृत्तीनंतर केला, आयर्लंडमध्ये. संशयित माझा जावई होता.

२०२० च्या सुरुवातीला मी तीन महिन्यांसाठी म्हणून मुलीकडे, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला गेलो. मग विमानं बंद झाली आणि मी तिथेच अडकलो. मुलगी घरातूनच काम करायची. जावई कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. कारखाना बंद ठेवता येत नाही, म्हणून ते पाळीप्रमाणे मोटरसायकलने जायचे. मी सकाळी खिडकीशी बसायचो. पाऊस पडायचा, थांबायचा, परत पडायचा. आयुष्यभर रोज सकाळी आदल्या दिवसाची डायरी वाचून कामाला लागलेला माणूस मी. तिथे वाचायला काही नव्हतं आणि कामही नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्याला जावयांच्या विभागातल्या एका मुलीला अपघात झाला. मुलगी म्हणजे तिशीची इंजिनिअर, मूळची नाशिकची, तासाभरावरच्या ड्रोहेडा गावात एकटी राहणारी. तीही मोटरसायकलनेच कामाला जायची. सकाळी निघाली, आणि ओल्या राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, वळताना गाडीचं मागचं चाक सटकलं. खुब्याचं हाड मोडलं. गावातल्याच मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. तिथले पोलीस, त्यांना गार्डा म्हणतात, येऊन पाहून गेले. दुसरं वाहन नाही, रस्ता ओला, चालकाचा ताबा सुटला. विषय संपला.

आपल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या गप्पांत तो संपला नाही. ‘एवढी जड गाडी मुलीने चालवावी कशाला?’ असं बरेच जण म्हणाले. जेवताना मीही म्हणालो. कबूल करायला हवं, अगदी याच शब्दांत म्हणालो.

माझी मुलगी माझ्यावर चिडली. जावई काही बोलले नाहीत. अर्धं ताट तसंच ठेवून उठले. माझ्या अनुभवात, एखाद्या अपघाताविषयी सगळे बोलत असताना जो गप्प बसतो, त्याच्याकडे एकदा नीट बघावं. मी बघितलं, आणि सोडून दिलं. घरातल्या माणसाचा तपास कोण करतो?

खबर महिन्याभराने माझ्या मुलीनेच आणली. ती दुपारचा चहा टाकत होती.

“बाबा, याला काय झालंय कळत नाही. कामावरून आला की फोनवर टायर बघत बसतो. कुठला टायर पावसात चांगला, कुठला थंडीत चांगला. यादीवर यादी चाललीय.”

“गाडीचे झिजले असतील.”

“कुठले झिजलेत! उन्हाळ्यात तर बदलले.”

चहा पिऊन मी मागच्या शेडमध्ये गेलो. गाडी उभी होती. दोन्ही टायर उत्तम, खाचा खोल, कडेला रबराचे बारीक केससुद्धा शिल्लक. या गाडीला टायर लागत नव्हते. वर एक लाकडी फळी होती. तिच्यावर धूळ जमलेली, आणि धुळीत दोन मोठी वर्तुळं कोरी. तिथे बरीच वर्षं दोन टायर पडून होते आणि अलीकडेच कोणीतरी उचलले होते.

मी शेडचं दार लावून घेतलं. घरात येऊन मुलीला काहीच सांगितलं नाही.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. माणसाचे हात कामात असताना त्याच्याशी बोलायचं. शनिवारी जावई शेडमध्ये गाडीच्या साखळीला तेल देत होते. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो.

“जावईबापू, मला एक शिकवा. टायर निवडायचा कसा?”

ते जरा चमकले, पण विषय त्यांच्या आवडीचा. बोलू लागले. आधी गाडीला कुठलं माप लागतं ते बघायचं, वजन किती पेलेल ते बघायचं. पुढचा आणि मागचा एकाच जोडीचा घ्यायचा. मग आपण गाडी कुठे चालवतो ते स्वतःशी खरं बोलायचं. जोरात पळवायचे टायर असतात, ते तापले की रस्त्याला चिकटतात. पण इथे ते तापतातच कुठे? इथल्या माणसाने लांबच्या प्रवासाचे, थंडीत आणि पावसात पकड सोडत नाहीत असे टायर घ्यावेत.

“आणि नुसत्या खाचा बघून भागतं?”

“नाही बाबा.”

“मग आणखी काय बघायचं?”

फडकं साखळीवरच थांबलं. चौकशीत अशा वेळी बोलणारा अधिकारी कच्चा.

“वय,” ते म्हणाले. “टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. न वापरता ठेवला तरी रबर म्हातारं होतं. कडक होतं.”

“त्या फळीवरच्या टायरांचं वर्ष कुठलं होतं?”

त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशातून फोन काढला आणि एक फोटो मोठा करून माझ्या हातात दिला. त्या मुलीच्या पडलेल्या गाडीचं मागचं चाक होतं. शेवटचे दोन आकडे स्पष्ट दिसत होते. बारा.

मग ते सलग बोलले. सप्टेंबरमध्ये तिचे टायर झिजले होते. तिने स्वतः अभ्यास करून पावसाळी प्रवासाची जोडी निवडली होती आणि फक्त मत विचारायला त्यांना फोन केला होता. दुकानात माल यायला तीन आठवडे लागणार होते. हे म्हणाले, कशाला थांबतेस, माप एकच आहे, माझ्याकडे कोरी जोडी पडलीय, एक किलोमीटरही चाललेली नाही, तुझ्यापेक्षा भारी टायर आहेत. कधीतरी रेस ट्रॅकवर जाऊ म्हणून त्यांनी ती घेतली होती. कधी गेले नाहीत.

“ती म्हणत होती, मला असले नकोत. मीच हसलो तिला. म्हटलं, मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय.”

“आकडे आधी पाहिले नव्हते?”

“शपथ घेतो बाबा, नाही. तिने इस्पितळातून फोटो पाठवले तेव्हा पाहिले.”

“मग आता टायर कोणासाठी शोधताय?”

“तिच्यासाठी. ती बरी झाली की उत्तम जोडी बसवून देणार होतो.”

“आणि सांगणार काय होता?”

ते रडायला लागले. चाळिशीचा माणूस, हाताला काळं तेल, डोळेही पुसता येईनात. मी आरोपी रडताना खूप पाहिले आहेत आणि त्याचं मला काही वाटत नसे. त्या दिवशी मात्र फार थकल्यासारखं झालं. इतक्या लांब येऊनही मी तेच करत होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे कारने ड्रोहेडाला निघालो. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, पण आजारी, एकट्या माणसाला सामान पोहोचवायला मुभा होती. वाटेत नाकाबंदी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मी नाकाबंदीच्या या बाजूला बसलो होतो. तरुण गार्डाने कुठे चाललात विचारलं, मागच्या सीटवरच्या पिशव्या पाहिल्या आणि ‘ग्रँड’, म्हणजे ठीक आहे, म्हणून हात हलवला. जावयांच्या कपाळावर घाम होता. मी त्याच्या जागी असतो, तर गाडी बाजूला घ्यायला लावली असती.

त्या मुलीने वॉकरचा आधार घेत दार उघडलं. आम्ही मास्क लावले होते. मी खिडकीजवळ लांब बसलो. जावयांनी पिशव्या ठेवल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे मी साक्षीदार म्हणून लिहितो.

ती वॉकर बाजूला सारून खुर्चीत टेकली.

“सहा आठवडे,” ती म्हणाली. “सहा आठवडे मी ते वळण रोज परत घेतेय. जास्त झुकले का, ब्रेक लावला का. आईला सांगितलं, माझीच चूक. आई म्हणाली, गाडी विकून टाक. आणि तू रोज मेसेज करत होतास, काही लागलं तर सांग म्हणून.”

“सॉरी. मला सांगायला...”

“जा तू. बाहेर थांब.”

ते गेले. ती माझ्याकडे वळली. “काका, टायरमुळेच पडले का मी?”

“ते मी शपथेवर सांगू शकणार नाही, बेटा. रस्ता ओला होता, थंडी होती. पण तुझी चूक होती, असंही आता कोणी म्हणू शकत नाही.”

तिने मान खाली घातली आणि तेव्हा ती रडली. मग म्हणाली, “त्याला लिहून द्यायला सांगा. त्याच्या अक्षरात.”

जावयांनी कारच्या बॉनेटवर कागद ठेवून दोन पानांचा जबाब लिहिला आणि सही केली. तो कागद तिने गार्डा स्टेशनला आणि विमा कंपनीला पाठवला. कारवाई कोणावर झाली नाही, पण नोंदीत टायरचं वय आलं. तिने तो कागद आधी आईला फोनवर वाचून दाखवला होता, हे मला नंतर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा गाडीवर बसली. टायर तिने तिच्याच यादीतले घेतले, आधी ठरवलेलेच. जावयांशी तिचं बोलणं कामापुरतं राहिलं. त्यांनी एकदा मला विचारलं, “बाबा, तुम्ही फळी पाहिली नसती तर मी सांगितलं असतं का?” मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

लोक विचारतात, एवढ्याशा प्रकरणाने तुम्हाला काय शिकवलं? माणूस वाईट नसतानाही गप्प बसतो, हे मला आधीच ठाऊक होतं. त्याच्या गप्प बसण्याचं ओझं दुसरं कोणीतरी वाहत असतं, हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. पण माझी झोप वेगळ्याच कारणाने गेली.

नोकरीत मी अपघाताचे शेकडो पंचनामे केले. रस्ता ओला, दुसरं वाहन नाही, चालकाचा ताबा सुटला. हे वाक्य मला तोंडपाठ होतं. एका पावसाळ्यात दूध घालणारा एक माणूस लुनावरून पडून जागीच गेला. त्याची बायको ठाण्यात आली. बाकावर बसून एवढंच म्हणाली, “साहेब, ते कधी जोरात चालवत नव्हते हो.”

मी तिला म्हणालो, “ताई, चूक त्यांचीच होती.” तिने मान हलवली, दाखवलं तिथे अंगठा दिला आणि गेली.

टायर मी पाहिला नव्हता.