सहावा वाटा

आमच्या मळ्यात मटण दुकानातून येत नाही. पंधरा दिवसांनी रविवारी भाऊबंदांची सहा घरं मिळून एक बोकड घेतात. खाटीक येतो, कापतो आणि कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या कागदावर सहा वाटे मांडतो. नळी, कलेजी, चरबी, सगळ्यात सगळं. मग एक जण वाट्यांकडं पाठ करून बसतो. खाटीक एकेका वाट्याला सुरी लावून विचारतो, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं सांगायचं, थोरल्यांचा, विहिरीकडच्यांचा. बघितलंच नाही म्हटल्यावर रुसायचं कुणावर?

हे बसायचं काम आमच्या मालकांचं. ते गेल्यावर मी बसायला लागले. मुलगा अंबडला कंपनीत, तिकडंच राहतो. घरात मी आणि टीव्ही. पण त्या रविवारी तासभर सगळी भोवती असायची. मी मुद्दाम थांबून थांबून नावं घ्यायची, दीर म्हणायचे, वैनी, बोकड पुन्हा उठून चालायला लागंल.

मागच्या हिवाळ्यात माझ्या पायाचा अंगठा असा सुजला, की चादरीचा भार सोसवेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, युरिक अ‍ॅसिड वाढलंय, मटण बंद, कलेजी तर मुळीच नाही, मटणाचं आळणी पाणीसुद्धा नको. मी ऐकणारी बाई. सगळ्यांना सांगून टाकलं, माझा वाटा धरू नका. अंगठा खरंच उतरला हो.

पुढच्या खेपेला मी धुतलेलं लुगडं नेसून हाक यायची वाट बघत बसले. वाटा सोडला तरी पाठ करून मीच बसणार, असं आपलं मी धरून चाललेले. बऱ्याच वेळानं जाऊन बघते, तर पाच वाटे घरोघर गेलेले आणि खाटीक कागद धूत होता. चुकलं कुणाचंच नाही. ज्याचा वाटा नाही त्याला बोलवायची आमच्यात रीतच नाही.

दोन-तीन रविवार असेच गेले. मग मी दिरांना सांगितलं, माझा वाटा धरा.

"खायचं नाही, तर वाटा कशाला वैनी?"

"मी रस्सा करते. तुम्ही सगळी या जेवायला."

दीर हो म्हणाले. मी परत पाठ करून बसले, नावं घेतली. सहावा वाटा माझा म्हटलं, तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू. घरी येऊन खोबरं-कांदा भाजला, काळा मसाला घातला, बाजरीच्या भाकरी थापल्या. पण बघा माझी अक्कल, त्या दिवशी प्रत्येकाच्या चुलीवर मटणच होतं. कोण येणार? धाकटी जाऊ दारातूनच म्हणाली, "ताई, आमचंबी शिजलंय की." आणि गेली. दुपार कलल्यावर मी एकटीच ताट वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा. डॉक्टरांनी बघताच ओळखलं.

"आजी, मटण खाल्लं ना? घरात सगळे खातात वाटतं?"

"हो, सगळी एकत्रच बसतो," मी म्हणाले.

"मग त्यांना सांगा, आजींना वाढू नका."

सांगते म्हणाले, आणि चप्पल हातात घेऊन रिक्षाकडं निघाले.