खापरावरचं कुंकू

वेद रचणारे आणि हडप्पाची शहरं बांधणारे एकच, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की आजही माझं डोकं फिरतं. ते एकमेकांचे वैरी होते असं तितक्याच जोरात सांगणाराही मला सोसत नाही. मला त्यातलं फार कळतं असं नाही. पण त्या वादापायी माझं आवडतं काम गेलं.

साठच्या दशकात अबू धाबीजवळच्या एका बेटावर युरोपातून आलेला एक साहेब जुनी थडगी उकरत होता. मी रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. बंदरावर गोणी वाहून पाठ मोडली होती, तेव्हा तिथे खापरं धुवायचं काम मिळालं. मऊ ब्रश, दोन बादल्या आणि डोक्यावर सावली. मातीखालून नक्षीची एखादी काळी रेघ वर आली की माझा दिवस सार्थकी लागे.

याद्या टाइप करायला पुण्याचे एक कारकून होते. आमचं बोलणं साहेबाला आणि साहेबाचं आम्हाला तेच सांगत. एकदा मी धुतलेल्या लाल खापरावर पिंपळाचं पान उमटलं. हे भांडं सिंधूकडून गलबतातून आलं असावं, असं साहेब म्हणाला. कारकुनांचे डोळे भरून आले.

“आमच्या ऋषींचं भांडं!”

“ऋषींचं कशावरून?” मी विचारलं. “वेदांत पावलोपावली घोडे, आणि त्या शहरांत घोड्याचा धड पत्ता नाही, असं साहेब म्हणतात. तुम्हीच तर परवा सांगितलंत. त्यांची लिपीसुद्धा अजून वाचता येत नाही.”

“मियाँ, तुम्ही यात पडू नका. तुमचे पूर्वज इथले, अरबस्तानातले. हा आमच्या घरातला विषय आहे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे आजे-पणजे खाडीत होड्या हाकत मेले. अरबस्तान मी पाहिलं ते पोटासाठी. इथले अरब मला हिंदी म्हणत, आणि माझ्याच भाषेतला माणूस मला अरब ठरवत होता! हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कुंभाराची जात तरी याला कोणी येऊन सांगितली?

खंडेनवमीला कारकुनांनी टाइपरायटर आणि रजिस्टरं मांडून पूजा केली. सोबत ते खापरही मांडलं. ओलं कुंकू मातीत मुरलं. दुसऱ्या दिवशी मी ते हलक्या हाताने घासलं, पण डाग हटेना. साहेबाने पाहिलं आणि तो भडकला.

“हे कोणी केलं, विचारताहेत,” कारकून मला म्हणाले. मला!

“तुमची पूजा होती. सांगा त्यांना.”

ते साहेबाकडे वळून काहीतरी बोलले. त्यातला ‘सॉरी’ तेवढा मला कळला. माझ्या तोंडी त्यांनी माफी घातली होती.

मी उठलो आणि टाइपरायटर उचलून खापराशेजारी आदळला. त्यावर तसंच लाल बोट उठलेलं होतं. साहेबाने दोन्हींकडे पाहिलं, मग तो कारकुनांकडे वळून बराच वेळ बोलला. कारकून खाली मान घालून ऐकत होते.

“काय म्हणाले?”

“खलास. यापुढे कोणाही हिंदी माणसाने भांड्यांना हात लावायचा नाही. तुम्ही नाही, मीही नाही.”

साहेबाने माझा ब्रश उचलून नेला. तेवढं भाषांतर मात्र त्यांनी खरं केलं.