सगळं ठीक असल्याचा आवाज

भोंगाक्का कुजबुजली की शेजारच्या वर्गातले सर फळ्यावर लिहायचे थांबत. तिला गुपित सांगणं आणि नोटीस बोर्डावर लावणं यात फरक नव्हता, कारण ती एकदा "असं व्हय?" म्हणाली की अख्ख्या मजल्याला कळायचं. डिप्लोमा करून आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आल्यामुळं ती आमच्याहून मोठी, म्हणून आक्का. आणि भोंगा कशामुळं ते सांगायला नको. या नावाचा तिला राग नव्हता. "यंत्रमागाच्या घरात वाढ, मग कळंल," ती म्हणायची. "आमच्यात मीठ मागायचं तरी वरडून मागाय लागतंय."

तिचं घर वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर आणि माणसं दोनच, ती आणि तिचे आप्पा. आई ती लहान असतानाच गेलेली. मी विमानतळाशेजारच्या सांबऱ्याची. डोक्यावरून विमान गेलं तरी आम्ही वर बघत नाही, त्यामुळं आवाजाचं मला कौतुक नव्हतं. तरी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा दातांपर्यंत हादरले. आप्पा मागांच्या मधून फिरत काहीतरी बोलत होते, आक्का मान हलवत होती, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. "चहा घेणार काय विचारालेत," ती माझ्या कानात ओरडली.

चहा पिताना एक माग थांबला. आक्कानं कप खाली ठेवला आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत उचलला नाही. मग तिनं गल्लीची रीत सांगितली. प्रत्येकाचा एक कान शेजाऱ्याच्या मागाकडं असतो. सूत तुटलं की माग थांबतो, जोडलं की चालू होतो. पण एखाद्याचा माग बराच वेळ गप्प राहिला, तर शेजारी हातातलं काम टाकून बघायला येतो. आदल्या वर्षी आप्पा चक्कर येऊन पडले, एकेक सूत तुटून माग गप्प होत गेले, आणि समोरच्या काकू धावत आल्या म्हणून आप्पा वाचले. "आणि लाईट गेली तर?" मी विचारलं. "मग सगळ्यांचंच थांबतंय की. सगळंच थांबल्यावर कोण कुणाकडं पळतंय?" असं म्हणून ती हसली.

त्या वर्षी आम्ही हुबळीच्या रोबोट स्पर्धेत उतरलो. रोबोटनं आपलं आपण काळ्या रेषेवरून जायचं आणि ठोकळे पोचवायचे, असा खेळ. मधे पुठ्ठ्याचा बोगदा होता. आत रोबोट अडकला तर एकदा उचलून पुन्हा सुरू करायला परवानगी होती, पण अडकलाय हे बाहेरून दिसायचं नाही. म्हणून सगळे संघ रोबोटला आवाज बसवत. काही बिघडलं की शिट्टी वाजायची. आक्कानं नेमकं उलटं केलं. फोनवर आप्पांच्या मागाचा आवाज घेतला, तो रोबोटच्या मेमरी कार्डात घातला आणि प्रोग्राम असा लिहिला की सगळं ठीक असेल तोवर माग वाजत राहील, बिघडलं की गप्प होईल.

"अगं, अलार्म बिघडल्यावर वाजतो," लॅबचे सर म्हणाले.

"सर, बॅटरीच गेली तर बोंबलणार कशानं?"

सर हसले आणि तिच्या वाटेला गेले नाहीत. पण काम सोपं नव्हतं. आवाज वाजत असेपर्यंत रोबोटला चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला दुसरं काही सुचायचं नाही. रोबोट मागाचं गाणं ऐकत सरळ भिंतीवर जाऊन आदळायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. शेवटी तिनं आवाजाचे बारीक तुकडे केले. एक खटका वाजव, रेष बघ, पुन्हा एक खटका. आठवडाभर लॅबमध्ये खटखट आणि आक्काचा आवाज, दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

तयार झाल्यावर तिनं रोबोट घरी नेला. आप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसले. "पेटीत माझा माग घातलीस व्हय?"

"व्हय. गप्प झाला की पळत जायचं."

"मग मलाबी एक बसीव," आप्पा म्हणाले. "तू दिवसभर कॉलेजात असतीस."

ते थट्टेनं बोलले, पण आक्कानं ते मनावर घेतलं. आप्पांच्या कमरेला लावायची एक लहान डबी, आप्पा ठीक असेपर्यंत ती आक्काच्या फोनवर माग वाजवत राहील, असं तिच्या डोक्यात बसलं. स्पर्धा तिच्या दृष्टीनं त्या डबीची परीक्षा होती. बोगद्यात जमलं तर घरातही जमणार होतं.

बोगद्यात जमलं नाही. हुबळीच्या त्या हॉलमध्ये माईकवाला कानडीत अखंड ओरडत होता, मधेच गाणी लागत होती. रोबोट आत गेला, चाक अडकलं, माग गप्प झाला आणि ते गप्प होणं आक्काला ऐकूच आलं नाही. ती बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी वाकून वाट बघत राहिली, वेळ संपली. शेजारच्या संघाचा रोबोट अडकला तर केवढ्यानं किंचाळत होता. येताना बसमध्ये ती म्हणाली, "हॉलचा दोष हाय. आमच्या घरात असला गलका न्हाय." यंत्रमागाच्या घराबद्दल ती हे म्हणत होती, आणि आम्हाला कुणाला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षभरात ती गल्ली घराघरानं बंद पडली. बाहेरून येणाऱ्या स्वस्त साड्यांपुढं इथल्या साडीला गिऱ्हाईक राहिलं नाही. भंगारवाल्याचा टेम्पो एकेका दारात उभा राहायला लागला. समोरच्या काकूंचे माग गेले, मग आप्पांचे. आप्पा तरीही रोज सकाळी अंघोळ करून त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसत. आक्का डबीच्या मागं लागली होती. काम करणारा माणूस हलतो, हलला की वाजवायचं, असा तिचा हिशेब होता. आता आप्पांना कामच नव्हतं. भिंतीला टेकून बसलेला माणूस आणि पडलेला माणूस यांतला फरक डबीतल्या बोर्डाला कळेना. तिनं लई डोकं लावलं. मीही लावलं. जमलं नाही.

आप्पा एका दुपारी गेले. आक्काची प्रॅक्टिकल परीक्षा होती. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं आणि आप्पा खोलीत आडवे होते. समोरच्या काकू दिवसभर आपल्या दारात गहू निवडत बसल्या होत्या, दहा पावलांवर. मी गेले तेव्हा त्या कपाळ बडवून घेत होत्या. "माग असता तर कळलं असतं गं. आता रोजच गप्प हाय सगळं." त्यांचा काय दोष होता? कुणाचाच नव्हता. दोष कुणाचा ते सांगता येत नाही, म्हणून मला अजून संताप येतो.

बाराव्यानंतर आक्का कॉलेजात आली ती सरळ लॅबमध्ये. रोबोट कॉम्प्युटरला जोडला आणि उभ्याउभ्याच प्रोग्राम बदलला. बिघडलं की तीन शिट्ट्या, सगळ्यांच्या रोबोटसारखं. मी विचारलं, असं का? ती काहीतरी म्हणाली, पण मला ऐकू आलं नाही. भोंगाक्का बोलली आणि मला ऐकू आलं नाही, हे पहिल्यांदाच घडलं. मी जवळ गेल्यावर तिनं पुन्हा सांगितलं, "गप्प राहिलेलं कुणाला ऐकू येत न्हाय गं."

त्या वर्षी आम्हाला बक्षीस मिळालं. रोबोट बोगद्यात अडकला, किंचाळला, आक्कानं तो उचलला. कप तिनं दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा धरला होता. मग ती नोकरीला बेंगळुरूला गेली. वडगावच्या घराला कुलूप आहे. कधी फोन केला की मलाच म्हणावं लागतं, आक्का, जरा मोठ्यानं बोल. "बोलतेय की," ती म्हणते, आणि पुढचं ऐकू येत नाही.

मी त्याच कॉलेजात आता शिकवते. तो रोबोट शिकायला म्हणून मुलींच्या हाती असतो. परवा मेमरी कार्डात जागा करताना त्यातल्या एकीला ती फाइल सापडली. खटखट, खटखट. सगळ्या कान देऊन ऐकायला लागल्या.

"मॅडम, ह्यो आवाज कवा वाजायचा?"

"सगळं ठीक असलं की."

तिनं थोडा विचार केला. "म्हंजे आता लागत न्हाय न्हवं? काढून टाकू?"

"लागत न्हाय," मी म्हटलं. "पण राहू दे."