बाईंनी शिवलेला बाळंतविडा

बाई कधी खोटं बोलल्या नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्या लबाड वाटतील, आणि त्यांना लबाड म्हटलेलं मला आजही खपत नाही. त्यांना नावं ठेवायची तर मी ठेवीन. बाकीच्यांनी त्यात पडू नये.

माझे यजमान दापोडीच्या वर्कशॉपात लागले, म्हणून आम्ही साताऱ्याकडून चिंचवडला आलो. पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. चिंचवड तेव्हा गावच होतं. घराच्या मागं ज्वारी, पुढं म्हशी. मामींच्या घरातली मागची खोली आम्ही भाड्यानं घेतली. मामी म्हणजे आमच्या घरमालकीण, गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. पलीकडच्या दोन खोल्यांत डॉक्टर आणि बाई हे जोडपं राहायचं. बाहेरच्या खोलीत दवाखाना, आतल्या खोलीत संसार. डॉक्टर औषधं द्यायचे, बाई बाळंतपणं करायच्या. दोघं खादी घालायची, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं.

बाईंचा पहिला नियम हातांचा. त्यांच्या दारात पाऊल टाकलं की "नखं दाखव." पाटील असो की पाटलांचा गडी, नखं दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही. स्वतःचे हात त्या कोपरापर्यंत अशा घासायच्या की बघणाऱ्याचीच कातडी सोलवटावी. मामी म्हणायच्या, "बाई, आमी काय सोवळ्याला शिवायला आलोय व्हय?" तरी पुढच्या वेळी मामी घरूनच हात घासून यायच्या.

दुसरा नियम रडण्याचा. कोणी बाळंतीण कळा देताना ओरडायला लागली, तिची सासू, नणंद रडायला लागली, की बाई शांतपणे म्हणायच्या, "रडायचं ते नंतर. आधी पाणी तापवा." मला त्या अशा वेळी बरोबर न्यायच्या. दोरा उकळायचा कसा, नाळ कुठं बांधायची, बाळ लगेच रडलं नाही तर पालथं धरून पाठ कशी चोळायची, सगळं दाखवायच्या. मी मुकाट बघायची. माझं पहिलं मूल गावाकडं झालं होतं, आणि ते रडलंच नव्हतं. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

म्हणून मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी आनंदापेक्षा भीतीनंच अर्धी झाले. आई लहानपणीच गेलेली, सासू अंथरुणाला खिळलेली. बाई म्हणाल्या, "या खेपेला मी आहे ना! तू नुसतं खायचं आणि चालायचं." झालं. त्या दिवसापासून मला रात्रीची झोप लागायला लागली.

पुढं काही महिन्यांनी बाईंनी शिवण काढली. झबली, टोपडी, दुपटी, कुंच्या. दुपारी दवाखाना बंद झाला की मशीन खडखडायचं. आळीतल्या बायकांना त्यांनी सांगितलं होतं, "दवाखान्यासाठी जुनी मऊ लुगडी हवीत." बायका देत होत्या, मी ती फाडून उकळून घड्या घालत होते. आता आमच्याकडे रीत अशी, की पोटुशीनं आपल्या बाळाचं काही शिवू नये आणि त्याविषयी बोलूही नये, नजर लागते. बाळंतविडा दुसऱ्यानं करायचा, तोही गुपचूप. त्यामुळं मी बाईंना एका शब्दानं विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. मनात म्हटलं, एवढ्या शिकलेल्या, विलायती औषधं वापरणाऱ्या, पण माझ्यासाठी रीत पाळतायत. आईची जागा भरून काढतायत. केवढी हुरळून गेले होते मी!

एक दिवस पेटीच्या तळातून आईचं लुगडं काढलं. हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. बाळाला पहिल्यांदा आजीच्या लुगड्यात गुंडाळावं असं आमच्याकडे म्हणतात. ते मी बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आईचं आहे." बाईंनी ते गालाला लावलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग मान खाली घालून मशीनवर बसल्या.

डॉक्टरांचंही काही वेगळंच चाललं होतं. ओट्यावर बसून कुठलंसं पुस्तक घेऊन पुटपुटायचे. मला वाटलं, उतारवयात स्तोत्रं पाठ करतायत बिचारे. मध्येच दोघं मुंबईला गेली आणि दंड सुजवून आली. "टोचून घेतलंय," बाई म्हणाल्या. दवाखान्यातल्या माणसांनी टोचून घेतलं तर त्यात नवल ते काय? मी हळद गरम करून दिली.

आठवा लागला होता. दुपारची मी त्यांच्याकडे गेले, तर डॉक्टर मोठ्या लोखंडी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला पसरून वर झबल्यांच्या चवडी रचत होते.

"अहो डॉक्टर, ट्रंकेत कशाला? मामींकडे ठेवते की मी."

"मामींकडे?" ते हसले. "आगबोटीनं जायचंय हे. आफ्रिकेत कुठं मिळायची अशी मऊ दुपटी?"

माझा हात पोटावर गेला. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "हिनं तुला सांगितलं नाही?"

तेवढ्यात बाई आतून आल्या. हात ओले होते. मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ. तिकडं एका खेड्यात आपल्याच काही मंडळींनी दवाखाना काढलाय. पगार नाही, राहणं-जेवण तेवढं. तिथं बाळंतपणाला माणूस नाही, बायका मरतात. चार-पाच वर्षं सेवा करून यायचं. पंधरवड्यात निघायचं. डॉक्टर पुटपुटत होते ती तिकडची भाषा, आणि मुंबईला टोचून घेतलं तेही या प्रवासासाठीच.

"आणि मी?"

"तुझं नाव पुण्याला मोठ्या इस्पितळात घातलंय. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. आधी सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. घाबरलेल्या बाईचं बाळंतपण कठीण जातं."

यातला शब्दही खोटा नव्हता. दवाखान्यासाठी लुगडी हवी होती, तेही खरंच. कुठल्या दवाखान्यासाठी, ते मी विचारलं नव्हतं. आळीला सगळं माहीत होतं. मामी नंतर म्हणाल्या, "तुला सांगू न्हाई असं बाईंनीच बजावलं हुतं, पोरी." म्हणजे सगळ्यांनी मिळून मला सांभाळलं! ट्रंकेच्या वरच्याच थरात हिरवा काठ दिसत होता. बाई म्हणाल्या, "अगं घे, तुझं तू घे." त्यांनी सांगायच्या आधीच मी ती दुपटी उचलली होती. घरी येऊन दार लावलं, आणि पोटातलं पोर घाबरेल म्हणून रडलेसुद्धा नाही.

त्या निघाल्या तेव्हा अख्खं गाव चिंचवड स्टेशनात. हार, भाषणं, फोटो. मला जायचं नव्हतं. यजमान म्हणाले, "एवढं केलंय त्यांनी, लोक काय म्हणतील?" मामींनी नारळ हातात दिला, म्हणून बाईंची ओटी मीच भरली. त्या मला धरून रडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. डॉक्टरांचं मात्र वाईट वाटलं. गाडी हलेपर्यंत ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

पुण्याचं इस्पितळ पुण्यातच राहिलं. भर दुपारी, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. यजमान ड्यूटीवर, मामी शेतावर, आळीत चिटपाखरू नाही. मी कडी काढून ठेवली, पाणी तापवलं, दोरा उकळला, हात कोपरापर्यंत घासले. बाईंना मी त्या तासाभरात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या आयुष्यात कोणाला दिल्या नाहीत. मुलगी झाली. रडेना. पालथी धरून पाठ चोळत राहिले, चोळत राहिले, आणि ती रडली. मामी आल्या तेव्हा मी भिंतीला टेकून तिला पाजत होते.

पुढं आळीतल्या बायका मलाच बोलवायला लागल्या. मी जाते. त्यांच्या पोरींना मी आधीच सांगते, की मी असेनच असं धरून बसू नकोस.

बाई परत आल्या तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. डॉक्टर तिकडंच वारले. बाई वाळून गेल्या होत्या, केस पांढरे झाले होते. मुलीला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग विचारलं, "पुण्यालाच झाली ना?"

"नाही. इथं. याच खोलीत."

"कोण होतं जवळ?"

"कोणी नव्हतं."

बाईंनी मुलीची वेणी सारखी केली. मग माझ्याकडे बघून, डोळे भरून, मोठ्या मायेनं म्हणाल्या, "मला खात्री होती, तू निभावून नेशील."

मी म्हणाले, "मला नव्हती, बाई."