तीनचा भोंगा

चाकणच्या बसमध्ये शेजारी कुणी शिफ्ट सुटून येऊन बसलं, की कपड्यांना येणाऱ्या मशीनच्या तेलाच्या वासाने मला दापोडीच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी व्हिडिओ एडिटिंग शिकत होते आणि सरावाला भाचीच्या बारशाचं मोबाइलवरचं शूटिंग घेतलं होतं. मूळ आवाज काढून गाणं टाकायचं, एवढंच काम. पण आवाजाच्या पट्टीवर, बायका पाळणा म्हणत होत्या तिथे, एक लांबलचक फुगवटा दिसला. रेल्वेचा हॉर्न असेल म्हणून मी हेडफोन काढून तेवढाच तुकडा स्पीकरवर लावला. हॉर्न नव्हता. हळूहळू चढत जाणारा, बराच वेळ टिकणारा तो भोंगा वडिलांच्या कंपनीचा होता. बारसं झालं तेव्हा कंपनी पाडून तिथे कधीच टॉवर उभे राहिले होते, आणि वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मी तुकडा परत लावला, तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज आला. वडिलांची पहिली शिफ्ट तीनला सुटली की ठेवायची तसं आई चहाचं आधण ठेवत होती. "आई, अगं हे व्हिडिओतलं आहे," मी ओरडले. "असू दे. तो रोजच वाजतो की," ती सहज म्हणाली, "तुझ्या कानात सदा ते हेडफोन." त्या दिवशी मी व्हिडिओतला सगळा आवाज पुसून टाकला. आता आईही नाही, कॉम्प्युटर भंगारात गेला. हेडफोन मी वापरत नाही. तीनला भोंगा झाला की उठते आणि चहा टाकते, तिघांचा.